जामीनदाराची सही आणि नाकारलेलं गृहकर्ज : एका फाईलचा पंचनामा

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तर भाच्याचा फोन. "मामा, फाईल रिजेक्ट झाली." आवाज असा, की क्षणभर वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं.

राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. नाकारलेल्या फायली किती पाहिल्या, त्याची मोजदाद नाही. पण टेबलाच्या पलीकडे बसून फाईल पाहणं वेगळं आणि घरातल्याच माणसाची फाईल नकार घेऊन आल्यावर तिच्यामागे दोन-अडीच महिने फिरणं वेगळं. हे प्रकरण सगळं तारखांसकट वहीत टिपून ठेवलं होतं. भाच्याच्या परवानगीने, नावं गाळून, इथे मांडतो.

भाचा ३३ वर्षांचा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कायम नोकरी. पीएफ, व्यवसाय कर वगैरे वजा जाऊन पगार ६६ हजार. भाचेसून घरून डबे देते, २२ डबे, महिना २६०० रुपयांचा एक. चिखलीत दोन खोल्यांचा पुनर्विक्रीचा फ्लॅट ठरला. व्यवहार ५० लाखांचा. कर्ज ४० लाख, बाकीचे खिशातून. २८ डिसेंबरला विसार पावती झाली, २ लाख रुपये दिले, मुदत ६० दिवस. म्हणजे २६ फेब्रुवारीपर्यंत व्यवहार पुरा करायचा.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला, "कारण काय दिलं?"

"सिबिल म्हणाले."

"कोण म्हणालं? बँक की एजंट?"

एजंट म्हणाला होता. बँकेकडून आला होता तो नुसता एसएमएस: आपला अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत बसत नसल्याने पुढे नेता येत नाही. या वाक्याला काही अर्थ नाही. बँकेत असताना आम्हीही हेच वाक्य पाठवायचो. अर्ज माणसामुळे नाकारला, उत्पन्नामुळे नाकारला की घराच्या कागदांमुळे, हे त्यात मुद्दामच नसतं. आणि एजंट लोकांच्या तोंडी तिन्हींना शब्द एकच, "सिबिल".

पुढची गोष्ट त्याने चाचरत सांगितली. पहिला नकार १३ तारखेलाच आला होता. मधल्या आठ दिवसांत एजंटने "टेन्शन घेऊ नका सर, दुसरीकडे लॉगिन टाकतो" म्हणत आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. तिन्हीकडून नकार. शेवटी तो म्हणाला, पगाराची स्लिप जरा 'बसवून' घेऊ. इथे मात्र भाच्याला घाम फुटला आणि त्याने मामाला फोन लावला. बनावट स्लिप म्हणजे सरळ फौजदारी गुन्हा. कारखान्याच्या एचआरला बँकेचा एक फोन गेला असता तर घर राहिलं बाजूला, नोकरीच गेली असती. त्या एजंटचा नंबर त्याच दिवशी बंद केला.

नकारानंतर माणूस पहिली चूक करतो ती हीच. एकीकडून दार बंद झालं की घाबरून दहा दारं वाजवायची. प्रत्येक अर्जासोबत ती बँक तुमचा पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा, मागवते आणि त्याची नोंद अहवालात राहते. पाचवा अधिकारी अहवाल उघडतो तेव्हा त्याला आधीच्या चौघांनी मागवल्याच्या तारखा दिसतात, कर्ज मिळाल्याची नोंद कुठेच दिसत नाही. मग तो फाईल उघडण्याआधीच साशंक होतो. मी स्वतः व्हायचो.

दोन कागद

भाच्याला दोन कामं सांगितली. एक, ज्या बँकेने पहिला नकार दिला तिच्या शाखेत लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. मजकूर मीच सांगितला, चार ओळींचा: माझा गृहकर्जाचा अमुक क्रमांकाचा अर्ज अमुक तारखेला नामंजूर झाल्याचे कळले. नामंजुरीचे मुख्य कारण अथवा कारणे मला लेखी कळवावीत. माझा पतअहवाल वापरला असल्यास तो कोणत्या कंपनीचा व कोणत्या तारखेचा हेही कळवावे. आपला विश्वासू. संपलं. विनवण्या नाहीत, धमक्या नाहीत.

हे बँकेच्या मर्जीवर नसतं. कर्ज कितीही रकमेचं असो, नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवायचं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच सगळ्या बँकांना सांगून ठेवलंय. लोक मागत नाहीत म्हणून बँका देत नाहीत, एवढंच. २३ जानेवारीला अर्ज दिला, ३ फेब्रुवारीला ईमेल आला. त्यात दोन ओळी होत्या: जामीनदार असलेल्या कर्जखात्यात थकबाकी, उत्पन्नाच्या तुलनेत हप्त्यांचा बोजा अधिक.

पण त्या उत्तराची वाट पाहत बसलो नाही. दुसरं काम होतं स्वतःचा पतअहवाल काढणं. भारतात असे अहवाल देणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपला अहवाल आपण स्वतः काढला तर त्यातले गुण, म्हणजे स्कोअर, कमी होत नाहीत. पुष्कळांना ती भीती असते म्हणून सांगतो.

२४ तारखेला संध्याकाळी भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. गुण ६४१. ३०० ते ९०० च्या पट्टीवर हा आकडा वाईटच. किमान अमुक गुण हवेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, रेषा ज्याची त्याने आखायची. तरी बहुतेकांच्या रेषेच्या हा खालीच. भाचा त्या आकड्याकडेच बघत बसला होता. मी म्हटलं, आकडा सोड, खाली सरक. आकडा म्हणजे नुसता ताप. आजार खालच्या खात्यांत असतो.

खाली पाच खाती होती. मोटारसायकलचं कर्ज, नियमित. दोन क्रेडिट कार्डं, त्यातलं एक बंद केलेलं. चौथं मोबाईलचं कर्ज, २०२० सालचं, त्यापुढे 'लिहून टाकलेले, रुपये ११८०', म्हणजे वसूल होत नाहीत म्हणून कंपनीने सोडून दिलेले. आणि पाचवं, साडेपाच लाखांचं मालवाहू वाहनाचं कर्ज. त्याच्या मालकीच्या रकान्यात शब्द होता 'जामीनदार'.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात. हप्ता वेळेवर आला तर त्यात तीन शून्यं पडतात, नाही आला तर किती दिवस उशीर झाला तो आकडा. या मालवाहू वाहनाच्या खात्यात एकोणीस चौकटी शून्यांच्या होत्या. मग नोव्हेंबरच्या चौकटीत २३ आणि डिसेंबरच्या चौकटीत ५४.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हा आप्पाचा टेम्पो."

आप्पाचा टेम्पो

आप्पा म्हणजे त्याचा थोरला चुलतभाऊ, नारायणगावचा. टोमॅटोची वाहतूक करायला पिकअप घेतला तेव्हा फायनान्स कंपनीने पगारदार जामीनदार मागितला. भावकीत पगारदार एकच. लग्नाच्या मांडवात कागद पुढे आले आणि भाच्याने सही केली. वाचलं काहीच नाही. वाचलं असतं तरी सही केलीच असती, तो भाग वेगळा. टोमॅटोचा हंगाम ओसरला, टेम्पोला भाडं मिळेना, वर इंजिनाचं काम निघालं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, सात तारखेचे तीन हप्ते थकले. हप्ता १४,२०० चा. कंपनीने आप्पाला फोन केले. भाच्याला केले असतील तर ते त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर.

जामीनदार म्हणजे ओळख देणारा माणूस, अशी आपल्याकडे समजूत आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं तो म्हणू शकत नाही. आणि आता ते खातं त्याच्याही पतअहवालात येतं, हप्ता चुकला की त्याच्याही नावापुढे चुकतो. पूर्वी हे दिसत नसे. सिबिल २००० साली निघाली आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. त्याआधी जामीनदारी कपाटातल्या कागदावर राहायची आणि वसुलीचा माणूस दारात येईपर्यंत कुणाला आठवायचीही नाही.

मी कॅलेंडर काढलं. अहवालातला ५४ हा आकडा ३१ डिसेंबरचा. ७ नोव्हेंबरपासून मोजलं तर त्या दिवशी, २४ जानेवारीला, ७८ दिवस झाले होते. ५ फेब्रुवारीला नव्वद भरणार. नव्वद ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. एकदा तो शिक्का बसला की एखादा हप्ता भरून निघत नाही, सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही, आणि अहवालातला डाग वर्षानुवर्षं राहतो तो वेगळाच. हातात बारा दिवस होते.

आता पैसे कुणी भरायचे? कायद्याचं उत्तर सोपं: जामीनदाराने भरले तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला आहे, कलम १४५. घरचं उत्तर इतकं सोपं नसतं. भाचा म्हणत होता, "मी भरून टाकतो, आप्पाला सांगायलाच नको." भाचेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "सांगायला नको म्हणजे? पुढच्या महिन्याचा कोण भरणार मग?" तिचा प्रश्न बरोबर होता. मी मामा. मामाने भावकीत तोंड घालायचं नसतं. म्हणून एवढंच म्हटलं, की भरायचे तर तीनही हप्ते एकदम भरा, दंड माफ करून मागा, पावती घ्या, आणि 'सेटलमेंट' हा शब्द कंपनीच्या माणसाने उच्चारला तर तिथून उठा. थोडी रक्कम सोडून देतो म्हणतात, माणूस खूश होतो आणि अहवालात खात्यापुढे 'सेटल्ड' असं वर्षानुवर्षं राहतं. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ, याने पूर्ण पैसे दिले नाहीत.

रविवारी दोघं नवरा-बायको नारायणगावला गेले. काय बोलणं झालं ते मला पूर्ण ठाऊक नाही. परत आल्यावर भाचा गप्प होता, भाचेसून म्हणाली, "आप्पा रडले हो मामा." ठरलं ते असं: थकलेले ४२,६०० भाचा भरेल, आप्पा हंगामात दोन टप्प्यांत परत देईल, आणि फेब्रुवारीपासूनचा हप्ता आप्पाने भरला की त्याच दिवशी मोबाईलवर पावतीचा फोटो पाठवायचा. ३० जानेवारीला पैसे भरले. जामीनदार बदलून द्या अशीही विनंती केली. कंपनी म्हणाली, आधी सहा महिने नियमित चालवून दाखवा.

मोबाईलच्या ११८० रुपयांचं औषध मात्र वेगळं. शेवटचा हप्ता दोनदा परत गेला होता, त्याचा दंड. तो दंड २०२१ मध्येच भरलेला होता आणि 'काही येणे नाही' हा ईमेलही भाच्याकडे होता. कंपनीने अहवालात बदल केलाच नव्हता. इथे पैसे भरायचे नाहीत, तक्रार करायची. सिबिलच्या संकेतस्थळावर त्या नोंदीवर हरकत घेतली, ईमेल जोडला. नियम असा की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे, त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. उशीर झाला तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई. आमचं काम २४ दिवसांत झालं, शंभर रुपये काही मिळाले नाहीत.

हिशेब, जो आधी करायला हवा होता

टेम्पोचं मार्गी लागलं तसा भाचा म्हणाला, "मग आता परत अर्ज टाकू?" मी म्हटलं, वही आण.

समजा टेम्पोचा प्रश्न कधी आलाच नसता. तरी ४० लाख मिळाले असते का? पगार ६६ हजार. या पातळीच्या पगाराला बँका साधारण निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेतात, म्हणजे ३३ हजार. त्यातून मोटारसायकलचा हप्ता ३४०० गेला. कामगारांच्या पतसंस्थेचं कर्ज होतं, त्याचे ५००० थेट पगारातून कापले जात. ते पतअहवालात नव्हतं म्हणून भाच्याने अर्जातही लिहिलं नव्हतं. अहो, पण पगाराच्या स्लिपवर छापलेलं आहे ना! अधिकारी पहिल्यांदा तेच बघतो, आणि अर्जात नाही पण स्लिपवर आहे म्हटल्यावर त्याला वाटतं लपवलं.

राहिले २४,६००. पावणेनऊ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला हप्ता ८८४ रुपये पडतो. म्हणजे कर्ज बसतं साधारण २७ लाख ८० हजार. आणि जामीनकीचं खातं थकलेलं म्हणून बँकेने टेम्पोचे १४,२०० देखील त्याच्याच माथी मारले असतील, तर उरतात १०,४०० आणि कर्ज बारा लाखांच्याही आत. मागितले होते ४० लाख, ज्याचा २० वर्षांचा हप्ता होतो ३५,३४८.

भाचा वहीकडे बघून म्हणाला, "म्हणजे सिबिल चांगलं असतं तरी नसतं मिळालं?" नसतं मिळालं. एजंटला हे पाच मिनिटांत कळलं असतं, पण त्याला बेरीज-वजाबाकीचे पैसे मिळत नाहीत, लॉगिनचे मिळतात.

मग दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मोटारसायकलचे २९ हजार भरून खातं बंद. पतसंस्थेचे भागभांडवल वजा जाता ६२ हजार भरून तेही बंद. ३३ हजारांची जागा मोकळी झाली. मुदत २० ऐवजी २५ वर्षं. वय ३३ आणि निवृत्ती ५८, अगदी काठोकाठ. २५ वर्षांना लाखाचा हप्ता ८२२ येतो, म्हणजे ४० लाख जेमतेम बसतात.

मुदत वाढवण्याची किंमत असते, ती सांगतो. पुढे मंजूर झाले ३८ लाख. त्याला २५ वर्षांचा हप्ता ३१,२४१. २० वर्षांचा असता तर ३३,५८१. महिना तेवीसशे वाचतात आणि शेवटपर्यंत तसंच फेडत राहिलं तर व्याज १३ लाखांनी जास्त जातं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला व्यक्तीला दंड नसतो, म्हणून मी त्याला हो म्हटलं. दर दिवाळीच्या बोनसला मुद्दलात थोडं थोडं भरायचं. भरेल की नाही, बघू.

भाचेसुनेच्या डब्यांचे महिना ५७ हजार जमा होत, खर्च जाऊन अठरा-वीस हजार हातात राहत. हे उत्पन्न धरता आलं नाही, कारण प्राप्तिकराचं विवरणपत्रच कधी भरलं नव्हतं. घाईघाईने मागची विवरणपत्रं भरून दाखवली तर अधिकाऱ्याला तारखांवरूनच कळतं. तिला म्हटलं, यंदापासून भर. छोट्या धंद्याला ठोकताळ्याने नफा दाखवायची सोय कायद्यात आहे, पैसे यूपीआयवर येतात तेव्हा ६ टक्क्यांपासून. दोन वर्षांनी तुझ्या नावावर बँक विचार करेल. तिने विचारलं, "मग मी आता या कर्जात कोण?" सहअर्जदार, कारण घर दोघांच्या नावावर. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र शून्य. तिला ते लागलं, ते चेहऱ्यावर दिसलं.

विसार पावती

इकडे २६ फेब्रुवारी जवळ येत होती. विसार पावती मी पहिल्यांदा तेव्हा वाचली. पाचशेच्या मुद्रांकावर दीड पान. मुदतीत व्यवहार पूर्ण न केल्यास विसाराची रक्कम जप्त होईल, हे ठळक. कर्ज मंजूर न झाल्यास काय, याबद्दल अक्षर नाही. "गृहकर्ज नामंजूर झाल्यास विसार रक्कम १५ दिवसांत विनाकपात परत केली जाईल" हे एक वाक्य त्यात असतं तर या सगळ्या प्रकरणातली निम्मी झोपमोड वाचली असती. सही करण्याआधी हे वाक्य मागायला काही पडत नाही. सही झाल्यावर मागितलं तर ती विनवणी होते.

कोर्टात जाऊन पैसे सुटले असते का? सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ७० लाखांच्या व्यवहारातला ७ लाखांचा विसार जप्त करणं ग्राह्य धरलं होतं. आमचे २ लाख म्हणजे ४ टक्के. तेव्हा तो रस्ता मी सुचवलाही नाही.

९ फेब्रुवारीला, रविवारी, घरमालकांकडे गेलो. निवृत्त शिक्षक, मुलाकडे नाशिकला जायचं म्हणून घर काढलेलं. भाच्याला मी आधीच बजावलं होतं, थापा मारायच्या नाहीत. बँकेकडून आलेला ईमेल आणि टेम्पोची पावती त्यांच्यापुढे ठेवली. सर चष्मा लावून दोन्ही कागद वाचत बसले, बायकोने चहा आणला, तो गार झाला. मग म्हणाले, "मीही एकदा जामीन राहिलो होतो. पतपेढीला." पुढे काही बोलले नाहीत. ४५ दिवस मुदतवाढ दिली, म्हणजे १२ एप्रिलपर्यंत. बदल्यात विसारात आणखी ५० हजार. पुरवणी लिहिली, त्यात या वेळी कर्जाचं ते वाक्य घातलं. सरांनी विनाकपात खोडून 'दहा हजार वजा जाता' केलं. रास्त होतं.

दुसरा अर्ज

१ जानेवारी २०२५ पासून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी पतमाहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला पाठवायची, असा नियम लागू झाला होता. त्याचा फायदा झाला. २८ फेब्रुवारीला काढलेल्या अहवालात टेम्पोच्या खात्यात थकबाकी शून्य, मोबाईलची नोंद दुरुस्त, मोटारसायकल बंद. गुण ७०३. फार काही नाही. मागच्या चौकटीतले २३ आणि ५४ तसेच होते, ते पैसे भरून पुसले जात नाहीत.

४ मार्चला अर्ज दिला, एकाच ठिकाणी, जिथे पगार जमा होतो त्या बँकेच्या शाखेत. एजंट नाही. कागदांवर एक पानाचं पत्र: थकबाकी कोणत्या खात्यात, कोणत्या महिन्यांत, का, कधी भरली. सोबत आप्पाच्या पासबुकाच्या प्रती, त्यात आधीचे एकोणीस हप्ते त्याच्याच खात्यातून गेलेले. यामुळे टेम्पोचे १४,२०० भाच्याच्या बोजात धरले गेले नाहीत. पतसंस्थेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे नाही असा. कर्जाच्या टेबलवर एक तरुण मुलगी होती. पत्र वाचून म्हणाली, "हे आधीच लिहून दिलंत ते बरं केलंत, मला वरिष्ठांना लिहायला सोपं." जुन्या सवयीने मला हे माहीत होतं. अधिकाऱ्याला नाही म्हणायची हौस नसते. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा असतो. शिवाय मार्चअखेर होती, शाखेला आकडे हवे होते. असं लिहू नये, पण खरं आहे.

मग घराच्या तपासणीला मूल्यांकनकार आला आणि त्याने ५० लाखांच्या घराला ४८ लाख लावले. मंजूर नकाशातली बाल्कनी सरांनी केव्हाच हॉलमध्ये घेतली होती. त्याने नकाशाप्रमाणेच क्षेत्र धरलं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची कमाल मर्यादा, आणि बँक करारातली किंमत व मूल्यांकन यांत जे कमी ते धरते. म्हणजे ३८ लाख ४० हजार. मंजुरीपत्र २७ मार्चला आलं ते ३८ लाखांचं. पगारात ४० बसत होते, घरात बसले नाहीत.

दोन लाख कमी आले तिथे पुन्हा वही उघडली. घराचे १२ लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख, नोंदणी फी ३० हजार. शुल्क-फीला गृहकर्ज मिळत नाही, हे घर बघताना कुणी सांगत नाही. वर कर्जं बंद केली ती, टेम्पो आणि बँकेची फी. सगळे मिळून १७ लाख ३५ हजारांच्या आसपास. जमवलेले १४, विसार धरून. राहिलेल्यांपैकी २ लाख ६० हजार पीएफमधून घरासाठी काढले. भाचेसुनेने सोनं गहाण टाकूया म्हटलं तेव्हा मी हात जोडले, कारण सोनेतारण कर्जदेखील त्याच अहवालात दिसतं आणि इतकं करून मोकळी केलेली जागा पुन्हा भरते. मग तिची भिशी लागली, ७५ हजारांची. लागली की लावून घेतली ते विचारलं नाही.

लोकपालाकडे जायचा विचार भाच्याने मध्ये एकदा बोलून दाखवला होता, म्हणून सांगतो. बँकेने कारण लेखी दिलं नाही किंवा चुकीची नोंद दुरुस्त केली नाही, तर आधी बँकेकडे तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. पण कर्ज द्या, असा आदेश लोकपाल बँकेला देत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय.

९ एप्रिलला दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला, मुदतीच्या तीन दिवस आधी. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६ टक्क्यांवर आणला. भाचा अंगठ्याचा ठसा देऊन बाहेर आला आणि मोबाईल दाखवत म्हणाला, "मामा, थांबायला हवं होतं का दोन दिवस?" व्याजदर रेपोशी जोडलेला आहे, खाली येईल आपोआप, म्हटल्यावर गप्प बसला.

सामान हलवायला नारायणगावहून आप्पा आला, तोच टेम्पो घेऊन. भाड्याचे पैसे घेतले नाहीत. डिझेलचे भाचेसुनेने बळेबळे खिशात घातले.

सात तारखेला आप्पाचा पावतीचा फोटो येतो. मार्चमध्ये आला, एप्रिलमध्ये आला, मेमध्ये आला. जूनची दहा तारीख उजाडली तरी आला नव्हता. भाच्याने फोन केला नाही, त्याला अवघड वाटत होतं. भाचेसुनेने केला. तासाभरात फोटो आला.